सात मेगाहर्ट्झवरची बदकं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात: घरातल्या स्वस्त रेडिओवर हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या गप्पा कशा ऐकायच्या. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून जागा या विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे चार सेलवर चालणारा तीन बँडचा ट्रान्झिस्टर आहे. शॉर्टवेव्हवर 41 मीटरच्या खुणेच्या जरा अलीकडे सकाळी माणसं बोलतात हे नक्की, पण आवाज बदकासारखा येतो. एक शब्द कळत नाही. रेडिओ बिघडला आहे का? आणि दुरुस्त होईल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रेडिओ ठणठणीत आहे. तुम्ही ऐकताय तो 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ हा हौशी पट्टा. पूर्वी 7.1 च्या पुढे प्रसारण केंद्रं बसत. 29 मार्च 2009 पासून आपल्या भागात त्यांनी 7.2 च्या वर सरकायचं ठरलं आणि खालचा भाग हॅमना मिळाला. जुन्या डायलवरची 41 मीटरची खूण मात्र जिथल्या तिथे छापलेली आहे, म्हणून ही मंडळी तुम्हाला खुणेच्या अलीकडे सापडतात.

बदकाचं कारण असं. आकाशवाणी आवाजासोबत वाहक लहरही पाठवते, आणि रेडिओतला डिटेक्टर त्या लहरीच्या आधाराने आवाज सोडवतो. हॅम लोक एसएसबी पद्धतीने बोलतात. त्यात वाहक आणि एक बाजूपट्टा (वाहकाच्या दोन बाजूंना आवाज घेऊन जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एक) पाठवतच नाहीत, सगळी ताकद उरलेल्या एका बाजूपट्ट्यात जाते. तुमच्या रेडिओला तो हरवलेला वाहक घरीच तयार करून द्यायचा, एवढंच काम आहे.

सोल्डरिंग गन तापवण्याआधी फुकटचा प्रयोग करा. शॉर्टवेव्ह सलग लागणारा दुसरा कुठलाही साधा रेडिओ शेजाऱ्याकडून आणा. अशा साध्या (सुपरहेट) रेडिओत एक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग असतो आणि तो बहुधा काट्यापेक्षा 455 किलोहर्ट्झ वर चालतो. हॅम जर 7100 किलोहर्ट्झवर बोलत असतील, तर दुसऱ्या रेडिओचा काटा 6645 वर आणला की त्याचा ऑसिलेटर बरोबर 7100 वर येतो. पहिला रेडिओ बदकांवर ठेवा. दुसऱ्याचा आवाज पूर्ण बंद करून तो वीतभर अंतरावर ठेवा आणि काटा 6.5 ते 6.8 च्या दरम्यान अगदी सावकाश फिरवा, कारण स्वस्त डायलवर शंभर किलोहर्ट्झ इकडेतिकडे असतातच. पहिल्या रेडिओत शिट्टी उमटेल, जाड होत जाईल, आणि ती विरते त्या जागी बदकाचा माणूस होईल. वीतभरावर बोलणं फाटत असेल तर रेडिओ आणखी जवळ आणा. पहिल्याचा आवाज एकदम दबला तर दूर न्या.

हे जमलं तर पुढचा खर्च फुकट जाणार नाही. मग मागचं झाकण उघडा. चार ट्रिमरचा (पेचकसाने फिरवायचे छोटे कंडेन्सर) चौकोनी प्लॅस्टिकचा गँग, म्हणजे ट्यूनिंगचा कंडेन्सर, आणि पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या डोक्यांच्या पत्र्याच्या छोट्या डब्या दिसल्या, तर तुमचा रेडिओ 455 आयएफचा आहे, म्हणजे आलेला सिग्नल आत 455 किलोहर्ट्झवर आणून सोडवणारा, आणि त्याला बीएफओ, म्हणजे हरवलेला वाहक तयार करणारं छोटं सर्किट लावता येईल.

सामान: 455 किलोहर्ट्झचा दोन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर, बीसी547 ट्रान्झिस्टर, 470 पीएफचे दोन कंडेन्सर, 0.1 मायक्रोफॅरडचा एक, रेझिस्टर 220 के, 2.2 के आणि 100 ओहम, आणि एक छोटा स्विच. रेझोनेटर विकत आणायची गरज नाही. टीव्हीचा जुना रिमोट उघडा. त्यात निळ्या किंवा नारिंगी रंगाची चपटी वडी असते, वर 455 लिहिलेलं. अलीकडच्या रिमोटमध्ये ती नसते, तेव्हा कबाड्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचे रिमोट शोधा. बाकीचं इंदूरच्या जेल रोडवर मिळून जाईल.

जोडणी: रेडिओच्या स्विचनंतरच्या प्लसपासून 100 ओहम, तिथून थेट कलेक्टर. कलेक्टरपासून ग्राउंडला 0.1 मायक्रोफॅरड. कलेक्टरपासून बेसला 220 के. एमिटरपासून ग्राउंडला 2.2 के. बेस ते एमिटर एक 470 पीएफ, एमिटर ते ग्राउंड दुसरा. रेझोनेटर बेस आणि ग्राउंडच्या मध्ये. हे सगळं टपाल तिकिटाएवढ्या व्हेरोबोर्डवर बसतं. एक खबरदारी घ्या. एसी128 सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असलेल्या जुन्या सेटमध्ये बहुधा प्लस ग्राउंडला असतो. तिथे बीसी557 वापरून सगळं उलट करा, नाहीतर बीएफओ चालणार नाही.

बीएफओ चालतो की नाही हे मध्यम लहरीवर तपासा. 455 ची दुप्पट 910 आणि तिप्पट 1365. ओळखीच्या स्टेशनवरून काट्याची चूक किती ते समजून घ्या आणि मग 910 पाशी फिरवा. बीएफओचा स्विच चालू-बंद करताना तिथली खरखर दबते-उघडते किंवा शिट्टी येते-जाते, तर तो चालतो आहे.

आता सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे बीएफओची रेडिओशी जोडणी. इथेच बहुतेकांचं बिघडतं. बीएफओच्या एमिटरवर प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक वायर जोडा आणि तिचं मोकळं टोक शेवटच्या आयएफटीच्या (त्या पत्र्याच्या डबीच्या) बाजूला, डिटेक्टर डायोडच्या पायाला न चिकटवता नुसतं टेकवून ठेवा. आयसीवाला सेट असेल तर तीन पायांच्या 455 फिल्टरजवळ. कॉपर टू कॉपर सोल्डर करायचं नाही. एक-दोन पीएफ पुरे. कमी वाटलं तर दुसरी आवरणवाली वायर घेऊन तीन-चार पीळ घाला, पुढे जाऊ नका.

राहिली बाजू. 10 मेगाहर्ट्झच्या खाली हॅम लोअर साइडबँड वापरतात. रेडिओचा ऑसिलेटर सिग्नलच्या वर असल्यामुळे आयएफमध्ये ती उलटते, म्हणून बीएफओ आयएफच्या मध्यापेक्षा दीडेक किलोहर्ट्झ खाली हवा. रेझोनेटरला समांतर 100 पीएफ जोडला की तो खाली येतो. वर न्यायचा असेल तर रेझोनेटरच्या ग्राउंडकडच्या पायात ट्रिमर घाला. ट्रिमर घातल्यावर ऑसिलेटर बंदच पडला, तर ट्रिमरचा कपॅसिटन्स वाढवा. खरं सांगायचं तर स्वस्त सेटचा फिल्टर इतका रुंद असतो की बाजू चुकली तरी ऐकू येतं, फक्त शेजारचं स्टेशनही सोबत ऐकावं लागतं.

प्रश्न : बीएफओ लावला. शिट्ट्या छान येतात, पण दुबळी स्टेशनं गायब झाली. जी येतात त्यांच्यात बोलणाऱ्याचा आवाज जोरात आला की घोगरा होऊन डगमगतो. दोन दोष आहेत की एकच?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दोन, आणि दोन्ही नेहमीचे.

पहिला एजीसीचा, म्हणजे आवाज आपोआप एकसारखा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. डिटेक्टरला बीएफओ म्हणजे एक तगडं स्टेशनच वाटतं. तो आपल्या आधीच्या टप्प्यांची ताकद कमी करतो आणि दुबळी स्टेशनं बुडतात. बीएफओ बंद केल्यावर पार्श्वभूमीची खरखर एकदम वाढत असेल तर निदान पक्कं. वायर मागे घ्या, सेंटिमीटर सेंटिमीटरने. पण फार मागे घेतली तर उलटा दोष दिसतो: जोरदार स्टेशनवर बोलणं चिरफाळतं, कारण वाहक सिग्नलपेक्षा कित्येक पटीने मोठा हवा आणि तो आता लहान पडतो. अशा वेळी बीएफओ वाढवायचा मोह टाळा, सिग्नल कमी करा. एरियलची वायर 1 के च्या पॉटच्या (फिरत्या रेझिस्टरच्या) वरच्या टोकाला, खालचं टोक ग्राउंडला, मधला पाय रेडिओकडे. हॅम ऐकताना आवाज कमी-जास्त करायचं बटण आता हेच समजा. व्हॉल्यूम एकदा लावला की त्याला हात लावायचा नाही.

दुसरा दोष सेलचा. स्पीकर जोरात वाजला की सेलचा व्होल्टेज खाली जातो, त्याबरोबर ऑसिलेटरची फ्रीक्वेन्सी सरकते. आकाशवाणी ऐकताना दोनशे हर्ट्झ सरकले तर कानाला कळत नाही, एसएसबीत तेवढ्याने गळा बदलतो. ताजे सेल घाला, सेलच्या टोकांना 470 मायक्रोफॅरड लावा आणि स्पीकरऐवजी हेडफोनवर ऐका. तिन्हींपैकी हेडफोनचा फरक सगळ्यात जास्त. तरीही डगमगत असेल तर ऑसिलेटरच्या टप्प्याला वेगळा, रेग्युलेटरमधून आलेला पुरवठा द्यावा लागेल.

प्रश्न : ट्यूनिंग इतकं तीक्ष्ण आहे की चाकाला नुसतं बोट लागलं तरी स्टेशन पळतं. मोठी खुंटी बसवून पाहिली, फारसा उपयोग झाला नाही.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : खुंटीने हाताची थरथर कमी होईल, पण पट्टा तेवढाच राहील. एका चाकावर दहा-बारा मेगाहर्ट्झ बसवलेत, त्यातले तुम्हाला हवेत 200 किलोहर्ट्झ. बारीक ट्यूनिंग वेगळंच जोडलं पाहिजे.

हिशोब सोपा आहे. 7.1 ऐकताना ऑसिलेटर 7.555 वर असतो. त्याच्या क्वॉइलवर एकूण 100 पीएफ आहेत असं धरा. त्यात 1 पीएफ वाढला तर फ्रीक्वेन्सी अर्धा टक्का, म्हणजे 38 किलोहर्ट्झ उतरते. तेव्हा तीनेक पीएफची मुभा मिळाली तरी शंभर किलोहर्ट्झ हातात येतात.

ती मुभा 1एन4007 हा पॉवर सप्लायमधला साधा डायोड देतो. उलटा व्होल्टेज दिला की तो कंडेन्सरसारखा वागतो, आणि व्होल्टेज वाढवला की कपॅसिटन्स घटतो. 9 व्होल्टची वेगळी बॅटरी, तिच्यापुढे 78एल05 हा 5 व्होल्टचा रेग्युलेटर. त्या 5 व्होल्टवर 10 के चा दहा फेऱ्यांचा पॉट, आणि पॉटच्या खालच्या पायाला ग्राउंडशी जोडताना मध्ये 2.2 के. हा रेझिस्टर गाळू नका. व्होल्टेज शून्यावर गेला की ऑसिलेटरची स्वतःची लहर डायोडला चालू करते आणि स्वर घरघरतो. पॉटचा मधला पाय 100 के मधून डायोडच्या पट्टीवाल्या टोकाला. दुसरं टोक ग्राउंडला. पट्टीच्या टोकापासून 22 पीएफ, एनपीओ जातीचा, गँगच्या ऑसिलेटरवाल्या पायाला. 78एल05 चं ग्राउंड आणि रेडिओचं ग्राउंड एक करायचं.

गँगचा ऑसिलेटरवाला पाय कुठला, हे पेचकसाने कळतं. एखादं स्टेशन लावा आणि प्लॅस्टिकच्या मुठीच्या पेचकसाची धातूची पट्टी एकेका पायाजवळ न्या. ज्या पायाजवळ स्टेशन पळून जातं, तो ऑसिलेटरचा. ज्याच्याजवळ आवाज नुसता मंद होतो, तो एरियलचा.

जोडल्यावर सगळा डायल खाली सरकलेला दिसेल, कारण तुम्ही आठ-दहा पीएफ कायमचे वाढवलेत. गँगच्या मागचा ऑसिलेटरचा ट्रिमर उघडून तो परत जागेवर आणा. 1एन4007 प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो. पट्टा कमी भरला तर 22 च्या जागी 33 पीएफ घालून बघा. वायर आखूड आणि ताठ ठेवा, हलणाऱ्या वायरवर स्टेशनही हलतं. पॉटची वायर लांब असली तरी चालेल, 100 के रेझिस्टर मात्र डायोडपाशी हवा.

प्रश्न : आमच्या नव्या रेडिओत गँगच नाही. चाकाखाली व्हॉल्यूमसारखा पॉट आणि बोर्डवर एक बारीक चिप. बीएफओ कुठे लावायचा?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : कुठेच नाही. हा डीएसपी सेट आहे. आयएफचं काम चिपच्या पोटात आकड्यांनी होतं, बाहेर 455 मिळत नाही. पण वर सांगितलेली दुसऱ्या रेडिओची युक्ती इथेही चालते, कारण वाहक आपण हवेतच मिसळतो. दुसरा रेडिओ नसेल तर जुना बटणांचा लँडलाइन फोन उघडा. त्यात टोनसाठी 3.579545 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल किंवा सिरॅमिक रेझोनेटर असतो. दुप्पट केल्यावर 7.159, म्हणजे पट्ट्याच्या आतच. वरच्याच सर्किटमध्ये 470 पीएफऐवजी 100 पीएफ घाला, रेझोनेटरसोबत क्रमाने जुन्या रेडिओचा गँग जोडा, आणि टेलिस्कोपिक एरियलजवळ बोटभर वायर ठेवा. सिरॅमिक निघाला तर गँगने ही दुप्पट फ्रीक्वेन्सी (दुसरी हार्मोनिक) पट्ट्यात बऱ्यापैकी फिरते. क्रिस्टल असेल तर दोन-चार किलोहर्ट्झच हलेल आणि उपयोग थोडा.

या पद्धतीचा एक फायदा बीएफओवाल्यांनाही मिळत नाही. स्वर ठरतो तो फक्त वाहकावर. मूळ रेडिओ थोडा सरकला तरी माणसाचा गळा बदलत नाही.

प्रश्न : घरी वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा सेट आहे, चालू स्थितीत. त्यावर हे सगळं करता येईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : करता येईल, करू नका. आधी कारण ऐका. अनेक व्हॉल्व्ह सेट एसी-डीसी जातीचे आहेत. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि मेन्सची एक तार थेट चेसिसला असते. प्लग उलटा बसला की चेसिसमध्ये 230 व्होल्ट. लाकडी पेटी आणि बॅकेलाइटच्या खुंट्या माणसाला वाचवतात, तुम्ही बाहेर एक वायर काढली की ते संरक्षण गेलं. ट्रान्सफॉर्मरचा सेट असला तरी आतले कंडेन्सर प्लग काढल्यावरही दोनेकशे व्होल्ट धरून बसतात.

पेटी न उघडता दुसऱ्या रेडिओची युक्ती करा. व्हॉल्व्ह सेट तासभर तापू द्या, तोवर त्याचा ऑसिलेटर सरकतच राहतो. हा सेट चेसिसला भोकं पाडण्यासाठी नाही.

प्रश्न : एफएमच्या रेडिओची क्वॉइल ताणून 145 मेगाहर्ट्झवरचे हॅम ऐकता येतात असं मित्र म्हणतो. खरं का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अर्धं खरं. फेरे ताणले किंवा कमी केले की रेडिओ वर सरकतो. पण एफएम केंद्रं 75 किलोहर्ट्झने डोलतात, हॅम 5 ने. पंधरावा हिस्सा. आवाज 23 डेसिबलने मंद येईल आणि खरखर पूर्ण ताकदीने. शिवाय 144 ते 146 च्या बाहेर पोलीस आणि इतर सेवा असतात, त्यांचं बोलणं ऐकणं आपलं काम नाही. या पट्ट्यासाठी संगणकाला लावायचा, आरटीएल2832यू चिप असलेला टीव्ही डोंगल घ्या, तो हे काम सहज करतो.

प्रश्न : मी नववीत आहे. बाबांनी बीएफओ करून दिला, पण आमच्या फ्लॅटमध्ये नुसती करकर येते. एरियल कशी लावू? आणि मला स्वतःला बोलायचं असेल तर?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : आधी करकर कुठून येते ते शोध. रेडिओ सेलवर चालव, आणि बाबांना विचारून घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद कर. करकर गेली तर ती घरातलीच आहे. मग एकेक दिवा, चार्जर, इन्व्हर्टर चालू करत जा. बहुतेक वेळा मोबाइलचा स्वस्त चार्जर किंवा एखादा एलईडी बल्ब सापडतो. मेन बंद करूनही राहिली तर शेजारची आहे, आणि मग तार गच्चीवर न्यावी लागेल.

गच्चीवर दहा मीटर प्लॅस्टिकची वायर पुरे. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, घराच्या भिंतीपासून दूर. खाली आणलेलं टोक थेट रेडिओला जोडू नकोस, स्वस्त रेडिओ गुदमरतो आणि सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतात. मध्ये 22 पीएफ घाल. तार आणि ग्राउंडच्या मध्ये 1 मेगओहमचा रेझिस्टर टाक, म्हणजे कोरड्या वाऱ्यात साठणारा भार उतरत राहील. तार विजेच्या खांबाच्या किंवा तारांच्या वरून, खालून, जवळून कुठेही नेऊ नकोस. उत्तरायणाच्या आठवड्यात ती उतरवूनच ठेव, मांज्यात अडकलेली तार कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही.

बोलायला परवाना लागतो आणि तो तुला मिळू शकतो. किमान वय 12 वर्षं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगची परीक्षा असते: रेडिओचं शास्त्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स नाही, त्याची हाकखूण (कॉलसाइन) व्हीयू3 ने सुरू होते. जनरल वर्गाला मोर्सही लागतं, तिथे व्हीयू2. परवाना येईपर्यंत फक्त ऐकायचं. ऐकताना कोण कुणाला किती वाजता, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर भेटलं ते वहीत लिहीत जा. दिवसा 7 मेगाहर्ट्झवर चार-पाचशे किलोमीटरच्या टापूतली माणसं जास्त मिळतील, अंधार पडल्यावर लांबची. आणि आभाळ भरून आलेलं दिसलं की लगेच तार रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकायची. गडगडाट सुरू असताना नाही, त्याच्या आधीच.